टाळ खंय?

परबकाका जगातल्या कुठल्याही आवाजाला एकच प्रश्न विचारतात. “टाळ खंय?”

म्हणजे, टाळ कुठे आहेत? भजनाला विचारला तर प्रश्न रास्तच आहे. पण काका तो बातम्यांना विचारतात, क्रिकेटच्या कॉमेंट्रीला विचारतात, आणि एकदा तर आमच्या नव्या लिफ्टमध्ये मंजुळ आवाजात मजल्याचा आकडा सांगणाऱ्या बाईंनाही त्यांनी तो विचारला होता. त्यांचं म्हणणं असं की आवाजाला पोट असतं तशी किनार असते. पोट म्हणजे पखवाज, किनार म्हणजे टाळ. हल्लीच्या आवाजांचं नुसतं पोट सुटलंय, किनार कोणी लावतच नाही. हे सांगताना ते आधी स्वतःच्या पोटावर थाप मारतात आणि मग कानाची पाळी चिमटीत धरतात. समोरचा माणूस घाईत असेल तर त्याची पाळी धरतात, म्हणजे तो जात नाही.

लालबागला जिथे आमची चाळ होती तिथेच आता आमचा टॉवर आहे, आणि टॉवर झाला तरी आम्ही त्याला चाळच म्हणतो. काका सहाव्या मजल्यावर राहतात. तरुणपणी ते गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. माझे वडीलही तिथेच. मग संप झाला, तो संपला की नाही हे कोणी नीट सांगितलंच नाही, आणि गिरणी काही उघडली नाही. वडील गावी गेले ते आंब्यांत रमले. काका मात्र हटले नाहीत. मांडव घालणाऱ्याकडे कर्णे बांधायला लागले, मग कुणाच्या गोदामात, मग कुठे रखवालीवर. घर चालवलं परबकाकींनी, ऑफिसवाल्यांचे डबे करून. या सगळ्यात काकांचा रुबाब मात्र इस्त्रीतून नुकत्याच काढलेल्या सदऱ्याइतका कडक राहिला.

आता माझं सांगते. मी माहिती लिहिते. नव्या वस्तूच्या खोक्यात जी घडी घातलेली पुस्तिका असते ना, जी तुम्ही बाजूला ठेवता आणि वस्तू बिघडली की शोधता, ती लिहिणारी माणसं असतात. त्यातली मी एक. माझं लिखाण घरोघर पोचतं आणि तिथून थेट माळ्यावर जातं. आमची कंपनी घरात लावायचे स्पीकर करते आणि ते फोनवरून चालवायचं एक अ‍ॅप. सिनेमाला एक आवाज, बातम्यांना दुसरा, बाळ झोपलं असेल तर तिसरा, असे आवाज आधी जमवून ठेवायचे आणि हवा तेव्हा हवा तो लावायचा, असं ते काम. मध्यंतरी साहेबांनी ठरवलं की याची सगळी माहिती मराठीतही झाली पाहिजे. वर म्हणाले, “ज्याला यातलं काही कळत नाही अशा माणसाकडून तपासून घ्या.”

यातलं काही कळत नाही असं कबूल करणारा माणूस लालबागमध्ये अजून जन्माला यायचाय. तरी मी परबकाकांना बोलावलं.

रविवारी सकाळी काका आले. ऐटीत सोफ्यावर बसले, चष्मा पुसला. मी पहिलं पान दिलं. ‘पायरी पहिली : फोनवर अ‍ॅप उघडा.’

“हात पुसा, ह्या खंय लिवलंस?” काका म्हणाले.

“काका, तसं लिहायचं नसतं.”

“कित्याक? बांगडो खावन कोण बसलो तर? काच पिवळी होतली, मगे तुझो सायब बोंबलतलो.”

मी हसले, आणि मग लिहिलं. आज आमच्या मराठी माहितीची सुरुवात ‘हात स्वच्छ आणि कोरडे असू द्या’ अशी होते. इंग्रजीत हे वाक्य नाही. इंग्रजीवाले बांगडा कशाने खातात मला माहीत नाही.

पुढे ‘पूर्वनियोजित ध्वनिरचना’ असा शब्द आला. तो माझा नव्हे, वरून आला होता. काकांनी तो मोठ्याने वाचला, मग पाठकोऱ्या बाजूला काही आहे का ते पाहिलं.

“ह्या काय गो बाये? सरकारी हापिसाचा नाव?”

मी समजावून सांगितलं. आवाज एकदा मनासारखा जमवायचा, त्याला नाव द्यायचं आणि ठेवून द्यायचा.

“मगे लोणच्याची बरणी म्हण की! एकदा घातला, झाकण लावला, होया तेवा काढला.”

बरणी म्हणायला साहेब तयार होईनात. शेवटी ‘जमवलेला आवाज’ यावर तोडगा निघाला. पण काका आणि मी आपसात बरणीच म्हणतो.

आणि मग ती ओळ आली, ‘पट्टी इच्छित पातळीपर्यंत सरकवा.’ ही ओळ मी आयुष्यात इतक्यांदा लिहिली आहे की माझी बोटं ती झोपेतही टाइप करतील. काकांनी बोट ठेवलं. “इच्छित म्हणजे कोणाच्या इच्छेन?”

“ऐकणाऱ्याच्या.”

“ऐकणारे धा जण असले तर?”

मी साहेबांना विचारलं, तर त्यांनी मला सुट्टी घ्यायला सुचवलं.

हे तपासणीचं काम बरेच रविवार चाललं आणि त्यातच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी काकांकडे बघून बोलले की उत्तर पटकन यायचं. लॅपटॉपकडे बघून बोलले किंवा चहा गाळताना पाठमोरी बोलले की उत्तर यायचंच नाही. साचेखात्यात सगळे माग एकदम चालत, त्या खडखडाटात कोणाचा शब्द कोणाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिथे माणसं हातांनी बोलत आणि एकमेकांचे ओठ वाचत. माझे वडीलही घरी जेवताना हातानेच आमटी मागायचे. काका तर अजून सहाव्या मजल्याच्या खिडकीतून खाली गेटवर उभ्या काकींशी अख्खं बाजारहाट करतात, तोंडातून अक्षर न काढता. चिमूट म्हणजे कोथिंबीर, मूठ म्हणजे नारळ, आणि तळहात उभा धरून हलवला की सुरमई.

“काका, कान दाखवलेत का कधी?” मी एकदा विचारलं, अर्थात त्यांच्याकडे बघून.

“कानांक काय धाड भरलीहा? तू बोलतंस ता सगळा ऐकतंय मां मी? लोकांचाच चुकता. तोंडातल्या तोंडात बोलतत. आणि आमची ही...” इथे काका थांबले, दाराकडे पाहिलं. “ही टाळ वाजवीत नाय. नुसती हलयता.”

तर हे खरं दुखणं. आमच्या इमारतीच्या महिला भजनी मंडळात टाळ परबकाकींकडे असतात. काकी अंगाने काडीएवढ्या, पण त्यांनी टाळ हातात घेतले की समोरच्या छपरावरची कबुतरं उठतात. तरी दर भजनानंतर घरी काका म्हणणार, “टाळ खंय? नीट वाजव की!” आणि काकी म्हणणार, “तुमच्या कानात गिरणीचो कापूस रवलो हा, तो काढा आधी.” हे भांडण आम्ही इतकी वर्षं ऐकलं आहे की त्याशिवाय भजन पुरं झाल्यासारखं वाटत नाही. काकांना मात्र ते भांडण वाटायचं नाही. भजन सुरू झालं की ते सगळ्यात पुढे बसत, काकींच्या हातांवर डोळे लावून, आणि शेवटी दर वेळी हिरमुसून उठत. त्यांना जगात बाकी काही नको होतं. फक्त ते टाळ ऐकायचे होते.

माझ्या घरचे स्पीकर बघून काकांच्या मनात आलं ते आलंच. त्यांनी कमिटीच्या मागे भुणभुण लावली आणि सोसायटीच्या हॉलसाठी तसाच संच आणवला. तो चालवायचा फोन अर्थातच त्यांच्या हातात. गिरणी गेल्यापासून काकांच्या ताब्यात पहिल्यांदा एखादं मशीन आलं होतं. ते हॉलला ‘आमचा खाता’ म्हणायला लागले, आणि शनिवारी स्पीकर पुसायला फडकं घेऊन जाऊ लागले.

गणपतीतल्या भजनाला काकांनी आपली स्वतःची बरणी काढली. नाव ‘परब’. माझ्याच माहितीतल्या पायऱ्या बरहुकूम पाळून त्यांनी पोटाच्या पट्ट्या खाली ओढल्या होत्या आणि किनारीच्या पट्ट्या पार छताला टेकवल्या होत्या. काकींनी पहिला टाळ वाजवला आणि माझ्या दाढेत कळ गेली. कोणाचं तरी बाळ किंचाळलं. पोरीबाळी कानांत बोटं घालून जिन्यात पळाल्या. पखवाजवाला तर आपला पखवाज फुटला की काय म्हणून तपासत बसला.

पण पहिली रांग? पहिल्या रांगेत सगळे जुने साचेवाले बसले होते. ते डोलत होते! एक म्हातारबुवा तर मांडीवर ताल धरून म्हणाले, “आज कुठे भजनासारखं भजन झालं.” मी कान झाकून त्या रांगेकडे बघत राहिले आणि सगळं लख्ख झालं. मागांच्या खडखडाटाने या सगळ्यांच्या कानांतली किनारच कापून नेली होती. काकांची बरणी त्यांच्या कानांना बरोबर मापाची होती, आणि काकांचं बोट छताला टेकलेली पट्टी अजून वर ढकलायला बघत होतं.

मंडळाच्या प्रमुख सावंतबाई. त्या बोलतात कमी आणि बोलल्या की ते लागू होतं. म्हणाल्या, “परबांनो, सव्वीस जानेवारीच्या पूजेला हा प्रकार परत झाला तर आम्ही बाहेरचा साउंडवाला आणू. फोन कमिटीकडे जमा करायचा.”

काकांनी फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि वर हात दाबून धरला, कोणी आत्ताच काढून घेईल अशा भीतीने. मला फार वाईट वाटलं. कडक इस्त्रीचा माणूस असा चुरगळलेला मी पाहिला नव्हता.

त्या आठवड्यात मी माझ्या कामाची यादी बघितली. शेवटचं पान लिहायचं राहिलं होतं : हेडफोनसाठी वेगळा आवाज. म्हणजे खोलीतले स्पीकर एका बरणीतून वाढतील आणि त्याच वेळी हेडफोन लावलेल्या माणसाला दुसऱ्या बरणीतून वाढता येईल. मी बाकी सगळं सोडून ते पान लिहिलं. सोप्यात सोपं लिहिलं. हात पुसायचंही लिहिलं. मग ते घेऊन सहाव्या मजल्यावर गेले.

कानांचा विषय काढला असता तर काकांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं. म्हणून मी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “काका, मोठे साउंडवाले कानाला हेडफोन लावून बसतात. तुम्ही नुसतेच बसता, ते बरं दिसत नाही.”

काका सावध झाले. “ते काळे, वाडग्यावडे?”

“तेच.”

“आमचो हॉलचो संच तसो चलता?”

मी पान पुढे केलं. त्यांनी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं, आणि पहिल्यांदाच त्यात काही चूक निघाली नाही. हॉलची बरणी आम्ही सावंतबाईंना बसवून जमवली. ती ऐकून काकांनी मान हलवली. “ह्येच्यात टाळ नाय.”

“लोकांना आहेत, काका.”

काका माझ्या ओठांकडे बघत होते, त्यामुळे त्यांना ते नीट ऐकू गेलं. त्यांनी पानाची घडी घालून ते खिशात ठेवलं. मग म्हणाले, “बरा.”

सव्वीस जानेवारीला सकाळी गच्चीवर झेंडा झाला, दुपारी हॉलमध्ये सत्यनारायणाची पूजा. शिऱ्याचा वास, मोगऱ्याचे गजरे, लहान मुलांचे खिशाला लावलेले झेंडे. काका मागच्या भिंतीशी टेबल मांडून बसले होते. कानांवर ते दोन वाडगे, हातात फोन, छाती पुढे. येणारा-जाणारा त्यांना वाकून नमस्कार करत होता, म्हणजे खरं तर त्यांच्या टेबलावरून तीर्थप्रसाद घेत होता, पण काका सगळ्यांना आशीर्वाद देत होते.

अभंग सुरू झाला. हॉलभर आवाज गोड, कोणाच्या दाढेत कळ नाही. सावंतबाईंनी मागे वळून काकांकडे पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. दुसऱ्या कडव्याला काकींनी टाळ उचलले.

मी काकांच्या शेजारीच उभी होते. काका दचकले. त्यांनी हेडफोन काढला, ऐकलं, परत लावला. परत काढला, परत लावला. मग फोन टेबलावर ठेवला. पट्टी वर करायला नाही, खाली करायला नाही, नुसता ठेवून दिला. आणि डोळे मिटले. ज्या माणसाने सगळं आयुष्य डोळ्यांनी ऐकलं, तो पहिल्यांदा डोळे मिटून ऐकत होता.

अभंग संपला. पखवाजवाला पुढच्या अभंगासाठी पखवाजाची पुडी ओली करत होता, त्यामुळे हॉलमध्ये घडीभर शांतता होती. काका माझ्याकडे झुकले आणि अगदी खाजगीत, फक्त मला ऐकू जावं म्हणून, कानांवरचा हेडफोन तसाच ठेवून बोलायला लागले. हेडफोन लावलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. हे मी पानात लिहायला हवं होतं.

“बाये, ही वाजवता गो!” अख्ख्या हॉलने माना वळवल्या. “कसा खणखणीत वाजवता! संपात मी घराकडे बसलंय, तेवा ही सांजची टाळ घेवन बसायची. त्याच्या आधी मी कधी ऐकलंच नाय, सदा गिरणीत पाळी. तेवा माका कळला, आमच्या घरात काय वाजता ता. मगे हळूहळू टाळ कमी झाले. माका वाटला, हिचा मन उडाला. नवऱ्याक काम नाय, डबे करून हात मोडले, आता कित्याक वाजवतली बिचारी? इचारूक भियालंय मी. मगे नुसतो भांडत रवलंय. आणि ही वाजवीतच होती गो. माझेच कान गेले.”

मी माझ्या कानांना हात लावून त्यांना खुणावलं. काकांना वाटलं मी हेडफोनची तारीफ करतेय. “होय, बरो आसा,” ते म्हणाले.

सावंतबाई पदराने चष्मा पुसत होत्या. काकी उठल्या. बायकांमधून वाट काढत मागे आल्या, काकांच्या डोक्यावरून हेडफोन काढला आणि त्यांच्या अगदी समोर उभ्या राहिल्या, ओठ दिसतील अशा.

“इतकी वर्सां तोंडान इचारूक काय झाला होता?”

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग खरोखरच हळू आवाजात म्हणाले, “आणि तू होय म्हटलं असतंस तर?”

काकींनी काकांचा दंड धरला, त्यांना चालवत माइकपाशी नेलं, सतरंजीवर बसवलं आणि टाळ त्यांच्या हातात दिले. मग तो हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला. “आता तुमी वाजवा. मी ऐकतंय.”

काकांनी वाजवले. काकांना ठेका अजिबात येत नाही. पखवाजवाल्याने त्यांच्या मागे जायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. हेडफोनमध्ये तर ‘परब’ बरणी उघडी होती, किनारीच्या सगळ्या पट्ट्या छताला टेकलेल्या. काकींच्या धडधाकट कानांत ते टाळ कसे घुसत असतील ते मला चांगलं माहीत होतं. काकींच्या भुवया कपाळावर चढल्या होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण काकींनी हेडफोन काही काढला नाही.